उसना विस्तव आणि निखाऱ्यांचा हक्क

लासलगावात आंबा पिकत नाही. तिथला बाजार कांद्याचा. सकाळी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, लिलाव सुरू होतो आणि तिथे फुटलेला भाव संध्याकाळपर्यंत देशभर पोचतो. तरीही २००७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेला निघालेला आंबा विमानात चढण्याआधी लासलगावला येऊन गेला. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये इथे ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र उभारलं होतं. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून जाड काँक्रीटच्या भिंतींआड त्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडायचे, हे त्याचं मूळ काम. आंब्याच्या कोयीत लपणारा भुंगा आपल्या देशात शिरता कामा नये, अशी अमेरिकेची अट होती. आंब्याला किमान ४०० ग्रे इतकी किरणमात्रा दिली की ती अट पुरी होते. अमेरिकेच्या कृषी खात्याने या केंद्राला मान्यता दिली आणि जवळजवळ अठरा वर्षं बंद असलेली वाट मोकळी झाली.

या मान्यतेची सूत्रं दिल्लीतून हलली होती. २ मार्च २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्याशेजारी उभं राहून अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आपला देश भारतीय आंबे खायला उत्सुक असल्याचं हसत हसत सांगितलं. त्याच दिवशी भारताच्या नागरी आणि लष्करी अणुभट्ट्या वेगळ्या करण्याच्या आराखड्यावर दोघांचं एकमत झालं होतं. आंब्याचं काम वर्षभरात उरकलं. त्याच वाटाघाटींतला दुसरा प्रश्न, वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याच्या हक्काचा, कागदावर सुटायला २०१० उजाडलं. त्याचं मूळ तर १९६३ इतकं जुनं आहे, आणि ते आहे तारापूरला. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत घाट उतरलं की बोईसर येतं. तिथून समुद्राकडे वळलं की तारापूर.

आगपेटी जपून वापरायच्या काळात गावात विस्तव उसना मागायची पद्धत होती. शेजारच्या घरून गोवरीच्या तुकड्यावर निखारा आणायचा आणि आपली चूल पेटवायची. रात्री उरलेले निखारे राखेत पुरून ठेवायचे. पहाटे राख सारून फुंकर घातली की पुन्हा जाळ. विस्तव देणारी शेजारीण उरलेल्या निखाऱ्यांचा हिशेब मागायला येत नसे. अणुइंधनाच्या व्यवहारात मात्र नेमका तोच हिशेब मागितला जातो. आंतरराष्ट्रीय अणुसहकार्य करारांतलं सर्वांत चिवट कलम या निखाऱ्यांचंच असतं.

जळून जे उरतं ते

आधी हे निखारे म्हणजे काय ते पाहू. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रातला २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला तीनएक हजार टन कोळसा खातो आणि मागे राखेचे डोंगर ठेवतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही मुळात जवळपास तेवढ्याच क्षमतेच्या. त्यांना वर्षभरात लागणारं युरेनियम काही टनांत मोजावं लागतं. फरक नुसत्या वजनाचा नाही. एकलहऱ्याची राख ही राखच असते, तिला पुन्हा पेटवता येत नाही. अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनातलं बहुतांश युरेनियम मात्र तसंच शिल्लक असतं. तारापूरसारख्या, साध्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनात ढोबळमानाने ९५ टक्के युरेनियम, एक टक्क्याच्या आसपास प्लुटोनियम आणि बाकी विखंडनाचे अवशेष असतात. सगळ्यात घातक किरणोत्सर्ग या अवशेषांचा.

हे इंधन बाहेर काढलं की आधी खोल पाण्याच्या हौदात उतरवतात. पाणी त्याची उष्णताही शोषतं आणि किरणही अडवतं. काही वर्षांनी ते पुरेसं निवलं की पुनर्प्रक्रिया करता येते. जाड भिंतींआड, यांत्रिक हातांनी, इंधनाच्या नळ्यांचे तुकडे करतात आणि ते उकळत्या नायट्रिक आम्लात विरघळवतात. मग त्या द्रावात ट्रायब्युटिल फॉस्फेट मिसळलेलं रॉकेलसारखं द्रावक घुसळतात. ताक घुसळलं की लोणी वर यावं तसं युरेनियम आणि प्लुटोनियम द्रावकात येतं आणि अवशेष आम्लात मागे राहतात. या अवशेषांची काच बनवून ती पोलादी डब्यांत ओततात. तारापुरात हे कामही होतं आणि असे डबे ठेवायचं कोठारही तिथेच आहे. टाकाऊ म्हणून बाजूला पडलेल्या अवशेषांतही कामाचं काही सापडतं. त्यातून वेगळं काढलेलं सीझियम-१३७ रक्तपेढ्यांतल्या विकिरण यंत्रांत वापरलं जातं.

वेगळं झालेलं प्लुटोनियम हा सगळ्या वादाचा गाभा. ते पुन्हा अणुभट्टीत इंधन म्हणून घालता येतं आणि त्याचा बॉम्बही करता येतो. पहिल्या उपयोगावर भारताच्या अणुकार्यक्रमाची उभारणी आहे. देशात युरेनियम थोडं आणि कमी प्रतीचं. थोरियम मात्र केरळच्या किनाऱ्यापासून ओडिशापर्यंत मुबलक. म्हणून होमी भाभांनी तीन टप्प्यांची मांडणी केली. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या, जड पाण्याच्या अणुभट्ट्या. दुसऱ्यात, त्यांच्या वापरलेल्या इंधनातून काढलेल्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या ‘फास्ट ब्रीडर’. तिसऱ्यात थोरियम. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जायचा पूल पुनर्प्रक्रियेचा आहे. म्हणून तुर्भ्याला पुनर्प्रक्रियेचा कारखाना १९६४ मध्येच उभा राहिला. होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी तो बांधला आणि जानेवारी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

तारापूरचं एक कलम

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा अणुसहकार्य करार झाला. अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातलं १२३ वं कलम अशा करारांच्या अटी ठरवतं, म्हणून त्यांना ‘१२३ करार’ म्हणतात. २००८ मध्ये घराघरांत पोचलेला हा आकडा खरं तर तेव्हापासूनच आपल्या खात्यावर होता. जनरल इलेक्ट्रिकने अणुभट्ट्या बांधल्या, अमेरिकेच्या विकास संस्थेने सवलतीच्या व्याजाने कर्ज दिलं आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरची वीज व्यापारी पातळीवर सुरू झाली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र, आणि अमेरिका, युरोप, रशिया आणि जपान सोडून जगातल्या पहिल्या काहींपैकी एक.

करारातली देवघेव सरळ होती. समृद्ध युरेनियम अमेरिका देणार आणि तारापूरला अमेरिकेचंच इंधन वापरलं जाणार. वापरलेल्या इंधनावर भारतातल्या कारखान्यात पुनर्प्रक्रिया करता येईल, असंही त्यात होतं. पण त्याला एक जोड होती. त्या कारखान्यात देखरेखीच्या तरतुदी परिणामकारकपणे लागू करता येतात, असा दोन्ही देशांचा ‘संयुक्त निर्णय’ व्हायला हवा.

त्या वेळी हे शब्द कुणाला टोचले नसावेत. अमेरिका स्वतः पुनर्प्रक्रियेची पुरस्कर्ती होती. न्यूयॉर्क राज्यात वेस्ट व्हॅलीला १९६६ मध्ये खासगी कारखाना सुरू झाला होता. भारताने तर तारापूरच्या शेजारीच वर्षाला १०० टन क्षमतेचा पुनर्प्रक्रिया कारखाना बांधायला घेतला, तो डोळ्यासमोर तारापूरचंच इंधन ठेवून. घराला लागूनच गोठा बांधावा तसा.

पोखरणनंतरची वर्षं

१८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम आलं होतं कॅनडाच्या मदतीने तुर्भ्यात बांधलेल्या आणि अमेरिकेचं जड पाणी वापरणाऱ्या सायरस अणुभट्टीतून. भारताने या स्फोटाला शांततामय म्हटलं. पुरवठादारांना ते पटलं नाही. कॅनडाने सहकार्य थांबवलं आणि १९७६ मध्ये संपवलं. पुरवठादार देशांचा गट, म्हणजे आजचा एनएसजी, या स्फोटानंतर १९७५ मध्ये लंडनला जमला. एप्रिल १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी अमेरिकेतलीच व्यापारी पुनर्प्रक्रिया बेमुदत थांबवली आणि मार्च १९७८ मध्ये नवा अण्वस्त्र प्रसारबंदी कायदा आला. ज्या देशाच्या सगळ्या अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख नाही त्याला अमेरिकी इंधन नाही, असा त्याचा आशय. तारापूरवर देखरेख होती, पण तुर्भ्यावर नव्हती. कायदा मागाहून आला आणि आधीच्या करारावर बसला.

त्यानंतर तारापूरच्या इंधनाची प्रत्येक खेप हा वॉशिंग्टनमधला राजकीय प्रसंग झाला. १९८० मध्ये ३८ टनांची खेप अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने नाकारली, कार्टर यांनी स्वतःच्या अधिकारात ती मंजूर केली, प्रतिनिधिगृहाने त्याविरुद्ध मत दिलं आणि २४ सप्टेंबरला सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने ती तरली. पालघरजवळच्या दोन अणुभट्ट्या चालणार की नाही, हे त्या दिवशी दोन सिनेटरांवर ठरलं. ही कसरत दरवर्षी करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रोनाल्ड रेगन यांच्या भेटीत वाट निघाली. करार अमेरिकेचाच राहील, इंधन फ्रान्स देईल. पुढे १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपल्यावर चीन आणि नंतर रशिया यांनी इंधन दिलं. मधल्या टंचाईत तारापुरातच प्लुटोनियम आणि युरेनियम मिसळून तयार केलेलं ‘मॉक्स’ इंधनही काही प्रमाणात वापरून पाहिलं गेलं.

म्हणजे येणाऱ्या इंधनाची सोय होत गेली. अडलं ते वापरलेल्याचं. ‘संयुक्त निर्णय’ अमेरिकेने कधी केलाच नाही. भारताचं म्हणणं, कारखाना तयार आहे, देखरेख लावा आणि संमती द्या. अमेरिकेने ना संमती दिली, ना ते इंधन परत नेलं. शेजारी बांधलेला कारखाना राजस्थानच्या आणि पुढे मद्रासच्या अणुवीज केंद्रांचं इंधन घेऊ लागला. तारापूरचं इंधन हौदात साचत गेलं. हौदातल्या मांडण्या दाटीवाटीच्या केल्या आणि पुढे केंद्राच्या आवारात वेगळा साठवण हौद बांधावा लागला.

या दोन शब्दांची खरी परीक्षा जपानशी तुलना केल्यावर होते. जपानच्या करारातही ‘संयुक्त निर्णया’चीच अट होती. तोकाई इथला त्यांचा कारखाना सुरू व्हायच्या बेतात असताना कार्टर यांचं धोरण आडवं आलं. तरी काही महिन्यांच्या वाटाघाटींनंतर सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेने जपानला तो निर्णय दिला. अट सारखीच आणि वर्षंही साधारण तीच, पण उत्तरं वेगळी. जपान अण्वस्त्र प्रसारबंदी करारात होता आणि सुरक्षेसाठी अमेरिकेच्या छत्राखाली होता. भारत दोन्हीबाहेर होता आणि पोखरण ताजं होतं. त्यामुळे अमेरिकेचा निर्णय अनाकलनीय होता असं म्हणता येणार नाही. धडा कराराच्या मसुद्याबद्दलचा आहे. ज्या कलमात निर्णयाची मुदत नाही, निकष नाहीत आणि निर्णय न झाल्यास काय करायचं ते नाही, ते कलम ताकदवान पक्षाच्या खिशात राहतं. घराचा ताबा ‘उभयतांच्या सोयीने’ देण्याचा करार ज्यांनी कधी केला असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२००५ ते २०१० : तेच कलम नव्याने

१८ जुलै २००५ रोजी वॉशिंग्टनमध्ये बुश आणि मनमोहन सिंग यांचं संयुक्त निवेदन निघालं तेव्हा भारताच्या अणुभट्ट्यांना युरेनियमची चणचण भासत होती. काही केंद्रं पूर्ण क्षमतेने चालत नव्हती. म्हणजे गरज होती. पण वाटाघाटीला बसलेल्यांच्या मनात तारापूरही होतं. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी दोन गोष्टी धरून ठेवल्या. फास्ट ब्रीडर कार्यक्रम देखरेखीच्या यादीत जाणार नाही, आणि पुनर्प्रक्रियेचा हक्क आगाऊ व स्पष्ट शब्दांत मिळायला हवा. २२ अणुभट्ट्यांपैकी १४ देखरेखीखाली येणार हे ठरलं. ब्रीडर बाहेर राहिले.

पुनर्प्रक्रियेवर २००७ च्या उन्हाळ्यापर्यंत गाडी अडली होती. कोंडी फोडली ती भारतानेच पुढे केलेल्या एका कल्पनेने. परदेशी इंधनासाठी आम्ही वेगळा राष्ट्रीय कारखाना बांधू आणि तो आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली ठेवू. त्यावर अमेरिकेने पुनर्प्रक्रियेला संमती देऊ केली. तपशिलाची व्यवस्था मात्र पुढे ठरवायची होती. इथे १९६३ चा धडा कामी आलेला दिसतो. भारताने विनंती केल्यावर सहा महिन्यांत चर्चा सुरू होईल आणि एका वर्षात ती संपेल, अशी मुदत कलमातच घातली गेली.

मग बरंच घडलं. डाव्यांनी पाठिंबा काढला. २२ जुलै २००८ रोजी सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. ६ सप्टेंबरला पुरवठादार गटाने भारताला सूट दिली आणि १० ऑक्टोबरला प्रणव मुखर्जी आणि कोंडोलीझा राईस यांनी करारावर सह्या केल्या. टीका दोन टोकांकडून झाली. देशात पी. के. अय्यंगार आणि ए. एन. प्रसाद यांच्यासारख्या अणुकार्यक्रमातल्याच ज्येष्ठांना वाटत होतं की या सहकार्याला वाट करून देणारा अमेरिकेचा हाइड कायदा मागच्या दाराने आपले हात बांधतो. बाहेरच्या प्रसारबंदीवाल्यांना वाटत होतं की भारताला आयतं युरेनियम देऊन त्याचं देशी युरेनियम शस्त्रांसाठी मोकळं केलं जातंय. दोघांच्याही म्हणण्यात तथ्यांश होता, आणि दोघांमुळेही करार थांबला नाही.

पुनर्प्रक्रियेची व्यवस्था ठरवणाऱ्या कागदावर वॉशिंग्टनमध्ये ३० जुलै २०१० रोजी सह्या झाल्या. देखरेखीखाली दोन कारखाने उभारण्याची सोय त्यात झाली. राष्ट्रीय सुरक्षेला गंभीर धोका दिसला किंवा कारखान्याच्या संरक्षणात मोठी त्रुटी आढळली, तर संमती तहकूब ठेवायचा अधिकार अमेरिकेने राखून ठेवला. अशी आगाऊ, दीर्घ मुदतीची संमती तोवर जपानला आणि युरोपच्या अणुसमुदायाला मिळालेली होती. उलट दक्षिण कोरियाने २०१५ च्या नव्या करारात ती मागूनही मिळवली नाही. संयुक्त अरब अमिरातीने तर २००९ मध्ये समृद्धीकरण आणि पुनर्प्रक्रिया दोन्ही स्वतःहून सोडून दिली. तारापूरच्या हौदापासून इथवरचं अंतर मोठं आहे, हे मान्य करायला हवं.

बाकीच्यांचे करार

एकदा अमेरिकेचं दार उघडल्यावर बाकीचेही आले, पण प्रत्येकाची निखाऱ्यांबद्दलची भाषा वेगळी आहे. फ्रान्स सगळ्यात मोकळा. ३० सप्टेंबर २००८ च्या करारात देखरेखीखालच्या पुनर्प्रक्रियेला त्याची मान्यता आहे. तो देश स्वतःही ‘ला आग’ इथल्या कारखान्यात हेच करतो. रशियाचं उदाहरण वेगळंच. १९८८ च्या कुडनकुलम करारात वापरलेलं इंधन सोव्हिएत संघाने परत न्यायचं होतं. सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९८ च्या पुरवणी करारात ते भारतानेच ठेवायचं आणि हवं तर त्यावर पुनर्प्रक्रिया करायची असं ठरलं. दिल्लीने हा हक्क म्हणून साजरा केला. कुडनकुलमच्या मच्छीमारांनी तो ओझं म्हणून पाहिला. एकाच कलमाचे हे दोन अर्थ पुढेही आपली पाठ सोडणार नाहीत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाला हिरवा कंदील देताना वापरलेल्या इंधनाच्या साठवणीबाबत आणि खोल भूगर्भातल्या कायमच्या कोठाराबाबत सरकारला निर्देश दिले. असं कोठार देशात अजून नाही.

कॅनडाशी २०१० मध्ये आणि ऑस्ट्रेलियाशी २०१४ मध्ये करार झाले. यांना सर्वाधिक चिंता आपल्या युरेनियमच्या कणाकणाच्या हिशेबाची. हिरोशिमा भोगलेल्या जपानशी वाटाघाटी सर्वांत लांबल्या. ११ नोव्हेंबर २०१६ ला सह्या झाल्या, जुलै २०१७ पासून करार लागू झाला. त्यातही पुनर्प्रक्रियेला वाव आहे, पण भारताने पुन्हा अणुचाचणी केल्यास काय, याबद्दलची जपानची भूमिका वेगळ्या टिपणात नोंदवलेली आहे. आणि एक दार दाणकन बंदही झालं. जून २०११ मध्ये पुरवठादार गटाने नियम घट्ट केले. प्रसारबंदी करारावर सही नसलेल्या देशाला समृद्धीकरणाचं आणि पुनर्प्रक्रियेचं तंत्रज्ञान द्यायचं नाही. म्हणजे पुनर्प्रक्रिया करा, पण यंत्रं तुमची तुम्ही बांधा. तुर्भ्याने १९६४ मध्येच ती बांधलेली असल्यामुळे आपल्याला याची झळ कमी लागली.

जग मात्र उलट दिशेला

ज्या हक्कासाठी आपण इतकी वर्षं झगडलो, तो इतरांनी अलीकडे सोडायला सुरुवात केली आहे. ब्रिटनने सेलाफील्डचा थॉर्प कारखाना २०१८ मध्ये आणि मॅग्नॉक्स इंधनाचा कारखाना २०२२ मध्ये बंद केला. मागे सुमारे १४० टन नागरी प्लुटोनियम उरलं. ते वापरायचं कुठे याचं उत्तर न सापडल्याने त्याला घन रूपात बंदिस्त करून पुरायचं, असा निर्णय ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये घेतला. जपानने रोक्काशोला १९९३ मध्ये बांधायला घेतलेल्या कारखान्याचा मुहूर्त वीसहून अधिक वेळा पुढे ढकलला आहे, आणि त्याचं सुमारे ४५ टन प्लुटोनियम बहुतांशी ब्रिटन-फ्रान्सच्या कोठारांत पडून आहे. युरेनियम स्वस्त असेल तर पुनर्प्रक्रिया पैशाच्या हिशेबात बसत नाही, हे अनेक अभ्यासकांनी दाखवलं आहे; भारताच्या बाबतीत एम. व्ही. रमणा यांनी सातत्याने हे मांडलं.

यावर आपल्या अणुऊर्जा खात्याचं उत्तर थोरियमचं आहे. ब्रिटनने ब्रीडरचा नाद सोडला म्हणून त्याचं प्लुटोनियम पडून राहिलं. आपण ते जाळणार आहोत. तर्क बरोबर आहे, पण त्याची सगळी भिस्त ब्रीडरवर आहे. कल्पक्कमच्या ५०० मेगावॉटच्या पहिल्या मोठ्या ब्रीडरचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं आणि गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. वीस वर्षं लागली. चूल तयार नसताना निखारे गोळा करण्यात शहाणपण किती, हा प्रश्न खात्याच्या शत्रूनेच विचारावा असं नाही.

हक्क मिळाला, पुढे?

२०१० च्या व्यवस्थेचं प्रत्यक्षात काय झालं, हे पाहिलं की चित्र विचित्र दिसतं. करार ज्यांच्यासाठी झाला त्यातली एकही अमेरिकी अणुभट्टी भारतात उभी राहिलेली नाही. परदेशी इंधनासाठी कबूल केलेला, देखरेखीखालचा स्वतंत्र कारखानाही उभा राहिलेला नाही. ७ जानेवारी २०११ रोजी मनमोहन सिंग यांनी तारापूरला १०० टन क्षमतेच्या नव्या पुनर्प्रक्रिया कारखान्याचं उद्घाटन केलं खरं, पण तो देशी इंधनासाठी, देखरेखीबाहेरचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं. पुनर्प्रक्रिया आणि वापरलेल्या इंधनाचं व्यवस्थापन मात्र केंद्र सरकारच्याच हाती ठेवलं. वीज खासगी कंपनीची आणि निखारे सरकारचे, अशी नवी विभागणी यातून येणार आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न पुढच्या काळात जैतापूरच्या निमित्ताने भिडेल. माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, अशी ती मूळ योजना. एप्रिल २०११ मध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा बळी गेला. तिथली चर्चा बहुतेक वेळा भूकंप, मासेमारी आणि जमिनीच्या मोबदल्यावर झाली, आणि ते स्वाभाविकही आहे. पण इंधनाचा ढोबळ हिशेब करून पाहा. अशा एका अणुभट्टीतून वर्षाला पंचवीस ते तीस टन वापरलेलं इंधन निघतं. सहांचं मिळून दीडशे टनांच्या वर जातं. तारापूरच्या एका पुनर्प्रक्रिया कारखान्याची वर्षाची क्षमता १०० टन. फ्रान्सची संमती खिशात असली तरी ते इंधन जिथे जाईल असा कारखाना कुठे आहे? तो बांधला नाही तर हौद हाच कारखाना, आणि तो माडबनलाच.

सहा दशकांचा आढावा घेतल्यावर एक निष्कर्ष टाळता येत नाही. १९६३ मध्ये आपल्याला इंधन मिळालं, हक्क मिळाला नाही. २०१० मध्ये हक्क मिळाला, पण तो बजावायची सोय आपण अजून केलेली नाही. परराष्ट्र खात्याने आपलं काम चोख केलं. उरलेलं काम अणुऊर्जा खात्याचं आणि संसदेचं आहे. जैतापूर असो वा खासगी कंपन्यांच्या नव्या अणुभट्ट्या, कोणत्याही प्रकल्पाच्या मंजुरीपूर्वी तीन गोष्टी लोकांसमोर लेखी यायला हव्यात : वापरलेलं इंधन किती वर्षं कुठे राहणार, त्यावर पुनर्प्रक्रिया कोणत्या कारखान्यात आणि कधी होणार, आणि होणारच नसेल तर त्याची कायमची जागा कोणती. तारापूरच्या वेळी असं विचारायची रीत नव्हती. त्या दोन अणुभट्ट्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या, त्यांचा मूळ करार संपून तीस वर्षं होऊन गेली. त्यांनी जाळलेलं बहुतांश इंधन अजून तारापुरातच साठवलेलं आहे.